गर्दी नसलेल्या आजाराचं औषध

रायगडातल्या गडबला मुंबई-गोवा महामार्गालगत मेडिकल चालवणारी भाची आणि रोह्याजवळच्या धाटावच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसीत) नोकरी करून निवृत्त झालेला मामा, या दोघांचं सध्या एकाच विषयावर वाजतं. शेजारच्या आळीतल्या नववीतल्या एका मुलाला विल्सनचा आजार आहे. त्याचं औषध बदलायची वेळ आली आणि नवं कोणतं घ्यायचं यावरून दोघांची तोंडं दोन दिशांना झाली. (माणसं मी जुळवून आणली आहेत. औषधं, आकडे आणि कायदे मात्र जसेच्या तसे आहेत.)

वाद कळायचा तर आधी आजार कळायला हवा. अन्नातून पोटात जाणारं जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. हे काम ज्या जनुकाच्या भरवशावर चालतं त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, म्हणजे एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली, तर तांबं बाहेर न पडता साठत जातं. आधी यकृतात, मग मेंदूत, आणि डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडं होऊन. कुणाची कावीळ हटत नाही, कुणाचे हात थरथरतात, कुणाचं अक्षर अचानक बिघडतं आणि घरचे अभ्यासावरून रागावत राहतात. १९१२ साली किनियर विल्सन या लंडनच्या डॉक्टरने हा आजार नीट मांडला. साधारण तीस हजारांत एकाला होतो. औषध आहे, पण जन्मभर घ्यायचं आणि मध्येच सोडायचं नाही. सोडलं तर यकृत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कोसळू शकतं.

औषधं मुख्यतः तीन: पेनिसिलामाइन, ट्रायएन्टीन आणि झिंक. या मुलाला पेनिसिलामाइन चालू होतं. आपल्याकडे ते सहसा मिळतं आणि परवडतंही. पण त्याच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ट्रायएन्टीन लिहिलं. पुढच्या बोलण्यातल्या वहिनी म्हणजे या मुलाची आई.

भाची: मामा, वहिनींच्या डोक्यात तू काय भरवलंस? त्या आज दुकानात येऊन विचारतात, मूळ कंपनीचं मागवता येईल का म्हणून. मूळ कंपनीचं वर्षाचं किती होतं ते सांगितलंस का त्यांना?

मामा: काय गो, मी एवढंच म्हटलं, की ज्यांनी ती कॅप्सूल वर्षानुवर्षं बनवली त्यांना तिच्या खोड्या ठाऊक आहेत. नव्याला त्या कळायला वेळ लागतो.

भाची: दोन कोटी वीस लाख. वर्षाचे! हा माझा आकडा नाही, सरकारचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने दुर्मिळ आजारांवरची चार औषधं भारतात बनायला लागल्याचं जाहीर केलं, त्यात हे होतं. तेच औषध इथं बनल्यावर वर्षाला दोन लाख वीस हजार. शंभरातला एक हिस्सा, मामा.

मामा: आकडा वाचला मी. आमच्या लॅबमध्ये कुणी शंभरात एक असा निकाल आणला, तर पहिल्यांदा त्याला परत टेस्ट करायला सांगायचो.

मामाला जेनेरिकवाल्यांचा तिटकारा आहे असं समजू नये. त्याचं सगळं आयुष्य जेनेरिकच्या कच्च्या मालातच गेलं. पण कारखान्यात राहिलेल्या माणसाचा संशय वेगळ्या जातीचा असतो. गिऱ्हाईक लेबलवर संशय घेतं, हा बॅचवर घेतो.

मामा: हे ट्रायएन्टीन म्हणजे काय आहे ठाऊक आहे का तुला? ट्रायएथिलीन टेट्रामाइनचं मीठ. इपॉक्सीत हार्डनर म्हणून जे घालतात ना, तेच. पिंपांनी मिळतं. करायला अवघड असं त्यात काही नाही. अवघड आहे ते शुद्ध करणं. याच्या पोटात याचीच भावंडं असतात, एक हात कमी असलेली, फांदी फुटलेली. हार्डनरमध्ये ती चालून जातात. पोराच्या पोटात नाही चालत.

भाची: म्हणून तर परवाना लागतो, तपासणी लागते. आणि मूळ औषधाशी बरोबरीची चाचणीही असते.

मामा: ऐंशी ते सव्वाशे टक्के, तीच ना? म्हणजे वीस टक्के कमी औषध असलं तरी पास.

हा गैरसमज मी चांगल्या चांगल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आहे, तेव्हा मामाला दोष देत नाही. कॅप्सूलमध्ये औषध किती भरायचं याची मर्यादा वेगळी आणि बरीच कडक असते. ८० ते १२५ हे दोन टोकांचे खांब आहेत आणि ते रक्तात पोचणाऱ्या औषधाच्या तुलनेला लागू होतात. नुसती सरासरी त्यांच्यामध्ये पडून भागत नाही. तिच्या भोवतीचा अनिश्चिततेचा सगळा पट्टा आत बसावा लागतो, आणि तसं व्हायला सरासरी मूळ औषधाच्या अगदी जवळ असावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आपल्याकडे आलेल्या २०७० चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. भाचीने हे मामाला सांगितलं. मामाने मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे, नोंद करून घेतल्यासारखी.

मामा: बरं, तुझी बरोबरी मान्य. मग हे सांग, ट्रायएन्टीनची मिठं दोन आहेत. एक डायहायड्रोक्लोराइड, जुनं. दुसरं टेट्राहायड्रोक्लोराइड, युरोपात अलीकडे आलेलं. जुन्याच्या २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये खरं ट्रायएन्टीन साधारण १६७ मिलिग्रॅम. नव्याचा हिशेब निराळा. उद्या तुझ्या स्टॉकिस्टने एकाच्या जागी दुसरं पाठवलं आणि तू मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावून दिलंस, तर?

भाची: मी देणार नाही.

मामा: तू नाही देणार. तू जेवायला गेलीस आणि काउंटरवरचा पोरगा बसलेला असला तर?

भाची काहीच बोलली नाही. मामा इथं बरोबर आहे हे तिलाही ठाऊक होतं. रक्तदाबाच्या गोळीत कंपनी बदलली तर मेडिकलवाला सहज म्हणतो, तेच आहे, घ्या. ते बहुतेक वेळा खरंही असतं. इथं मात्र औषधाचं नाव सारखं असून मीठ वेगळं असू शकतं, आणि मीठ वेगळं तर मात्रा वेगळी. ब्रँड की जेनेरिक, या प्रश्नाशी याचा काही संबंध नाही. दोन्हीकडे ही चूक होऊ शकते. चिठ्ठीवर मीठ लिहिलेलं असावं आणि कंपनी बदलली की डॉक्टरांना कळावं, एवढ्यावर दोघांचं एकमत झालं. या संपूर्ण वादातली ती पहिली तडजोड.

भाची: आणि फ्रिजचं विसरलास. जुन्या मिठाच्या कॅप्सूल दोन ते आठ अंशांत ठेवायच्या. मे महिन्यात आपल्याकडे लाइट कशी जाते ते तुला सांगायला नको. तू म्हणतोस तसं परदेशातून मागवलं तर ते विमानातून उतरून, मुंबईहून कुरियरने, या महामार्गावरच्या गाड्यांच्या रांगेतून गडबला पोचेपर्यंत त्याचं काय झालेलं असेल? तुझ्या मूळ कंपनीचा दर्जा पळस्पे फाट्यापर्यंतच.

मामा हसला. मुंबई-गोवा महामार्गावर या पट्ट्यातल्या कुणालाही बिनविरोध जिंकता येतं.

पण भाचीचा खरा मुद्दा फ्रिजचा नव्हताच. तिचं म्हणणं असं, की या आजारात औषध काम करतं की नाही हे लेबलवर विश्वास ठेवून ठरवावं लागत नाही, मोजता येतं. चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं मोजायचं. औषध तांबं धरून बाहेर काढतंय की नाही ते त्यात दिसतं. नीट चाललेल्या उपचारात दिवसाला २०० ते ५०० मायक्रोग्रॅम तांबं पडावं, अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. वहिनींच्या घरी हे काम रविवारी चालतं, कारण शाळा नसते. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची. तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंतची सगळी लॅबने दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये. धातूचं भांडं मध्ये येऊ द्यायचं नाही, आकडा फुगतो. पोरगं दिवसभर घरात बसतं, क्रिकेटला जायचं नाही म्हणून चिडतं, आणि संध्याकाळी कॅन लपवायला जागा शोधतं, कारण पाहुणे यायचेच असतात. सोमवारी तो कॅन पेणच्या लॅबमध्ये जातो आणि तिथून मुंबईला.

भाची: ती तपासणी औषध बदलायच्या आधी करायची आणि बदलल्यावर परत. आकडा जागेवर असला तर कंपनी कुठलीही असू दे. तुझी सगळी क्यूसी त्या कॅनमध्ये आली, मामा.

मामा: हे आवडलं. पण हे कळायला काही आठवडे जातात. आणि औषध मिळत राहिलं तरच ते कळतं. माझी भीती तिथं आहे.

इथून बोलणं वेगळ्या वाटेला लागलं, आणि माझ्या मते लेख खरा इथून सुरू होतो. मामाने विचारलं, की हे औषध मुळात महाग होतं ते कशाने? पेटंट होतं का?

नव्हतं. ट्रायएन्टीनची गोष्ट जुनी आहे. केंब्रिजच्या जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पेनिसिलामाइन विल्सनच्या रुग्णांसाठी आणलं. ते ज्यांना सोसेना त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी हवं म्हणून त्यांनीच १९६९ मध्ये ट्रायएन्टीन पुढे केलं. अमेरिकेत मर्कने ते सिप्राइन या नावाने १९८५ पासून विकायला घेतलं आणि किंमत बरीच वर्षं आवाक्यात ठेवली. पुढे औषध एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं आणि २०१० मध्ये व्हॅलिअंट या कंपनीकडे आलं. शंभर कॅप्सूलची बाटली तेव्हा ६५२ डॉलरला होती. २०१५ मध्ये तीच बाटली २१ हजार २६७ डॉलरला झाली. रेणू तोच आणि कारखान्यात नवं काही घडलेलं नव्हतं. दिवसाला चार कॅप्सूल धरल्या तर बाटली पंचवीस दिवसांत संपते.

भाची: मग जेनेरिक कुणी का नाही काढलं तेव्हा?

मामा: काढलं की. २०१८ मध्ये टेवाने काढलं. किंमत सांगू? शंभर कॅप्सूलला १८ हजार ३७५ डॉलर.

भाची: जेनेरिकची?

मामा: जेनेरिकची. तेव्हाच्या दराने बारा लाखांच्या आसपास. तुझी माळ घेऊन बसलीयस ना जेनेरिक-जेनेरिक म्हणून, तिचा हा मणी.

भाचीच्या बाजूने बोलणाऱ्या कुणालाही हा आकडा बोचतो, आणि बोचावा. आपल्या देशात जेनेरिकवर लोकांचा जो विश्वास बसला तो उगाच बसलेला नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर हक्क न देता तो बनवण्याच्या रीतीवर दिला. दुसरी रीत शोधा आणि बनवा. त्याच वाटेने पाताळगंगा, महाड, धाटाव उभे राहिले, मामाची नोकरी त्यातली. २००५ पासून रेणूवर पेटंट परत आलं, पण तोपर्यंत कसब हातात होतं. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा मोठ्या कंपन्यांचा भाव दहा-बारा हजार डॉलर होता. भाचीने अर्थातच हे उदाहरण काढलं.

मामा: एचआयव्हीचे रुग्ण किती होते गो तेव्हा? कोट्यवधी. एक कंपनी उतरली की दहा उतरतात, आणि दहा उतरल्या की भाव पडतो. पेटंट संपलं म्हणून भाव पडत नाही, गर्दी झाली म्हणून पडतो. तीस हजारांत एक असलेल्या आजाराला गर्दी कुठून आणणार? वर्षाचा सगळ्या देशाचा माल एखाद्या बऱ्यापैकी रिॲक्टरमध्ये थोड्या दिवसांत निघेल. मग तो रिॲक्टर धुवायचा, कागद करायचे, आणि परत वर्षभराने तेच. कंपनीचा अकाउंटंट पहिल्यांदा हेच औषध कापतो. मी पाहिलंय.

भाची: मग इथं दोन लाखांवर कसं आलं?

मामा: तेच विचारतोय मी तुला.

उत्तर मला असं दिसतं. आपल्याकडे भाव पडला तो बाजाराने पाडला म्हणून नव्हे. आरोग्य मंत्रालयाने आणि नीती आयोगाने दुर्मिळ आजारांची यादी काढली, कंपन्यांना बोलावलं, परवान्याचं काम मार्गी लावलं, आणि झेनारा, लॉरस, एमएसएन, अकम्स अशा कंपन्या पुढे आल्या. टायरोसिनेमिया या दुसऱ्या दुर्मिळ आजाराच्या बाळांना लागणाऱ्या निटिसिनोनचा वर्षाचा खर्च याच खटपटीत दोन कोटी वीस लाखांवरून अडीच लाखांवर आला. हे औषध तर तणनाशकाच्या संशोधनातून निघालेलं, बॉटलब्रशच्या झाडातल्या एका द्रव्यापासून सुरू झालेलं. स्वीडनमध्ये १९९१ मध्ये पहिल्या बाळाला दिलं गेलं. त्याचं इथं येणं म्हणजे कुणीतरी टेबलावर बसून ठरवणं होतं. आणि जे टेबलावर ठरतं ते टेबलावरच थांबूही शकतं. मामाला नेमकी हीच धास्ती आहे, फक्त त्याने ती आधी दर्जाच्या नावाखाली मांडली.

भाचीची गोची निराळी आहे. कोटीवरून लाखावर आलं हे वर्तमानपत्रात छान दिसतं. वहिनींच्या हिशेबात दोन लाख वीस हजार म्हणजे महिन्याला अठरा हजारांच्या वर. नवरा डोलवीच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे. शेती खारीची, बांध फुटला की त्या वर्षी घरचा तांदूळही नाही.

भाची: म्हणून मी म्हणते, परदेशीचा विषयच सोड. तो रस्ता काय आहे माहितीये? स्वतःच्या वापरासाठी आयात करायची तर बारा-अचा अर्ज, मग बारा-बचा परवाना, एका वेळी शंभर सरासरी मात्रांपर्यंत. २०२३ च्या एप्रिलपासून दुर्मिळ आजारांच्या औषधांवरचं सीमाशुल्क माफ केलंय, पण आजार धोरणाच्या यादीत हवा आणि दाखला हवा. म्हणजे अलिबागला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे खेपा. एवढं करून हातात काय? तेच वर्षाला दोन कोटींचं औषध, शुल्क वजा.

मामा: सरकार पन्नास लाख देतं ना?

भाची: २०२१ च्या धोरणात आधी वीस लाख होते, पुढच्या वर्षी पन्नास केले. तेही ठरावीक रुग्णालयांतून, आपल्याला परळचं केईएम. आणि इथंही यादीचा प्रश्न आहेच. पन्नास लाखांत तुझं मूळ औषध तीन महिनेही पुरत नाही. इथलं औषध घेतलं तर वीस वर्षं निघतील. बघ ना, त्याच पैशात!

मामाने कागद घेऊन भागाकार केला. बरोबर निघाला. त्याने दुसऱ्यांदा केला.

इथं एक गोष्ट मला मामाच्या पारड्यात टाकायची आहे, त्याने ती स्वतः काढली नाही तरी. औषधांच्या किमतीवर नियंत्रण ठेवणारा आपल्याकडे २०१३ चा आदेश आहे. जानेवारी २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि दुर्मिळ आजारांची औषधं त्याच्या कक्षेतून बाहेर काढली गेली, कंपन्यांनी भारतात यावं म्हणून. म्हणजे ज्या औषधाला स्पर्धेचा लगाम नाही त्याला कायद्याचाही नाही. एकच कंपनी बनवत असेल आणि तिने उद्या भाव दुप्पट केला, तर वहिनींनी कुणाच्या दारात जायचं? अमेरिकेत झालं ते तिथल्या लोकांच्या दुष्टपणाने झालं आणि आपल्याकडे होणार नाही, असं समजायला काही आधार नाही.

भाची: म्हणून तर जास्त कंपन्या हव्यात. तुमच्या रोह्यात बल्क ड्रग पार्क येणार होतं, रोहा आणि मुरुड मिळून. केंद्राची योजना, एका पार्कला हजार कोटी. लोकांनी विरोध केला. २०२२ मध्ये हिमाचल, गुजरात आणि आंध्र घेऊन गेले. आज ते असतं तर हे औषध तासाभराच्या रस्त्यावर बनलं असतं.

मामा: नसतं बनलं. पार्क असतं अँटिबायोटिकच्या कच्च्या मालासाठी, टनांच्या हिशेबात. आणि विरोध करणाऱ्यांना नावं ठेवू नको. कुंडलिकेच्या काठचे लोक आहेत ते. नदीला वास कसला येतो ते त्यांना विचार. मी त्याच वासात पगार घेतला, म्हणून मला बोलायला तोंड नाही, पण त्यांना आहे.

भाची: म्हणजे औषध हवं, कारखाना नको.

मामा: कारखाना हवा, नदी घालवून नको. दोन्ही मागता येतं. मागायला काय पैसे पडतात?

यावर अर्धा तास गेला. त्यातलं नवीन काही इथं आणत नाही. रायगडात राहणाऱ्या प्रत्येकाने हा वाद एकदा तरी दोन्ही बाजूंनी घातलेला असतो.

शेवटी मामाने आपलं म्हणणं सरळ मांडलं, आणि ते मला आवडलं. त्याला परदेशी बाटली नकोच आहे. त्याला हवी आहे खरेदीची हमी. राज्यात औषध खरेदी आधी हाफकिनमार्फत व्हायची, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं. अशा कुणीतरी राज्यातल्या सगळ्या विल्सनच्या रुग्णांची वर्षाची गरज एकत्र मोजावी, दोन कंपन्यांकडून घ्यावी, एकीकडून नाही, आणि तीन वर्षांचा करार करावा. दोन कंपन्या महाग पडतील. पडू देत. एकीचा प्लांट बंद पडला तर दुसरी आहे. गिऱ्हाईक पक्कं असलं की अकाउंटंट ते औषध कापत नाही.

भाची: तोपर्यंत?

मामा: तोपर्यंत तू दीड महिन्याचा माल जास्तीचा ठेव. इथं बनलेला. बॅच नंबर आणि एक्स्पायरी वहीत लिही, स्ट्रिप संपली तरी खोका टाकू नको.

भाची: दीड महिन्याचे सत्तावीस हजार माझ्या फ्रिजमध्ये अडकवून?

मामा: चौदा मी देतो.

भाचीने नको म्हटलं, मग हो म्हटलं. औषध इथलं, मात्रा डॉक्टर ठरवतील, आणि बदलायच्या आधीच्या रविवारी कॅन. रिकाम्या पोटी घ्यायचं, जेवणाच्या तासभर आधी नाहीतर दोन तासांनी, दुधाबरोबर नाही. लोहाची गोळी चालू असेल तर तिची वेळ वेगळी. हे सगळं तिने वहिनींसाठी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली पथ्य: चिंबोऱ्या नको, कालवं तर मुळीच नको, काजू नको, कलेजी नको, तांब्याच्या हंड्यातलं पाणी नको. जिताडा चालेल, असं तिने शेवटी घातलं. गडबमधल्या घराला एवढं सगळं तोडायला सांगताना एक तरी चालेल लिहावं लागतं.

मामा कागद वाचत होता. वाचता वाचता थांबला.

मामा: त्याला धाकटी बहीण आहे ना?

भाची: सहावीत आहे. ठणठणीत आहे ती. कबड्डी खेळते.

मामा: दोघांचेही आईबाप तेच. चारांत एक शक्यता, तूच सांगितलंस मला. तिची तपासणी झाली?

भाची: डॉक्टरांनी सांगितली होती म्हणे. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, डोळ्यांची स्लिट लॅम्प, आणि लघवी. वहिनी म्हणाल्या, एकाचंच भागवताना जीव जातो, तिला काय झालंय?

मामा: काही झालेलं नसताना सापडली तर तिला काय लागेल? हेच? अठरा हजारांचं?

भाची: त्रास सुरू व्हायच्या आधी सापडली तर बहुतेकांचं झिंकवरही भागतं. डॉक्टर ठरवतील. ते माझ्याकडे पडून असतं, कुठल्याही कंपनीचं.

मामा: मग इतके दिवस आपण काय बोलत होतो?

भाची: मी जाते आज संध्याकाळी. पण तू चल. मी गेले की त्यांना वाटतं दुकानाचं गिऱ्हाईक वाढवायला आले.

मामा: आणि मी गेलो की वाटतं म्हातारा परत परदेशी औषधाचं सांगायला आला. दोघं जाऊ. रविवारी एकाच्या जागी दोन कॅन मागव लॅबकडून.